वाढत्या स्फटिकांचे ध्रुवित प्रकाशातले फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यात घरच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून स्फटिक वाढत असतानाचे फोटो काढतो. वाढ संपलेला स्फटिक उद्याही तिथंच सापडतो. वाढणारा स्फटिक मात्र दर सेकंदाला बदलत असतो आणि ते बदलणंच मला टिपायचं असतं. शाळांत, मित्रांच्या घरी हे फोटो दाखवले की जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतले आहेत.

हे रंग खरे आहेत की नंतर भरलेले?

खरे आहेत, आणि पदार्थ मात्र बिनरंगी आहे. पोलरायझर म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म. असे दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवले की पहिल्यातून आलेला प्रकाश दुसऱ्यापाशी अडतो आणि काळोख होतो. मधे पातळ द्रव असला तरी काळोखच राहतो. पण त्या द्रवात स्फटिक उगवला की त्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग होतात आणि ते वेगवेगळ्या वेगाने जातात. बाहेर पडताना एक भाग दुसऱ्याच्या मागे पडलेला असतो. वरचा पोलरायझर दोघांना पुन्हा एका रेषेत आणतो, तेव्हा काही रंग एकमेकांना पुसून टाकतात. जे उरतात ते आपल्याला दिसतात.

किती मागे पडायचं हे दोन गोष्टी ठरवतात : स्फटिकाची जाडी आणि दोन वेगांतला फरक, म्हणजेच दुहेरी अपवर्तनाचं प्रमाण. क्वार्ट्झ या खनिजात हे प्रमाण ०.००९ आहे, कॅल्साइट या खनिजात ०.१७२. जाडीला या आकड्याने गुणायचं. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजेच १००० नॅनोमीटर.) म्हणून क्वार्ट्झचा ५७ मायक्रॉन जाड तुकडा आणि कॅल्साइटची जेमतेम ३ मायक्रॉनची पापडी जवळजवळ एकच लालसर छटा दाखवू शकतात, कारण दोन्हींचा गुणाकार ५१५ नॅनोमीटरच्या आसपास येतो. फ्रेंच भूवैज्ञानिक मिशेल-लेव्ही यांनी १८८८ मध्ये या रंगांचा तक्ता प्रसिद्ध केला. भूशास्त्राचे विद्यार्थी आजही तोच वापरतात. काळ्यापासून सुरुवात, मग राखाडी, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, निळा, हिरवा, पुन्हा पिवळा, आणि पुढे जाल तसे रंग फिके होत जातात.

आता हे वाढत्या स्फटिकाला लावून बघा. त्याची कड पातळ असते, म्हणून राखाडी किंवा पांढरी दिसते. आत जाल तशी जाडी वाढते आणि रंग तक्त्याच्या क्रमाने येतात. भूगोलाच्या नकाशात डोंगराच्या समोच्च रेषा असतात तसेच हे रंगाचे पट्टे. स्फटिक जाड होत जातो तसे ते पट्टे कडेकडे सरकतात. व्हिडिओत रंग वाहताना दिसतो तो हाच. एकदा हे कळलं की फोटो नुसता सुंदर राहत नाही, तो वाचता येतो.

मिठाचा थेंब वाळवून बघितला. काहीच दिसलं नाही. माझं काय चुकलं?

काही चुकलं नाही. मीठ घनाकृती वर्गातलं आहे. या वर्गाच्या स्फटिकात प्रकाश सगळ्या दिशांना एकाच वेगाने जातो, त्यामुळे त्याचे दोन भाग होत नाहीत आणि काळोख तसाच राहतो. तुरटीचंही तेच आणि नवसागराचंही. घरात सगळ्यात आधी हाताला लागतात ते मीठ आणि तुरटी, आणि नेमके तेच इथे चालत नाहीत. अनेकजण इथेच नाद सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नवसागराच्या नेच्यासारख्या फांद्या साध्या प्रकाशात फार देखण्या दिसतात. पोलरायझर काढून त्या जरूर बघा.

मग कोणते पदार्थ घ्यावेत?

माझा क्रम असा आहे. सगळ्यात आधी ओव्याचं फूल, म्हणजे थायमॉल. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. ते ५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, त्यामुळे वाढ हवी तितक्या वेळा पुन्हा पाहता येते. पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल, ४२ अंशांच्या आसपास वितळतं. थंडीत ते छान चालतं, पण विदर्भात मे महिन्यात ते डबीतच पाणी होऊन बसेल. ही दोन्ही एकाच काचपट्टीवर एकत्र करू नका. घरी अमृतधारा करताना ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत ठेवले की आपोआप द्रव होतो, तो याच कारणाने : मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो. मग स्फटिकच येत नाहीत.

पाण्यात विरघळवून थेंब वाळवायचा असेल तर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. त्याचे पंखे आणि पिसारे येतात. क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड घेतली तर गोल चकत्या वाढतात आणि त्यांत झाडाच्या खोडासारखी वलयं पडतात. चघळायची गोळी मात्र नको, तिच्यात साखर आणि रंग असतात. शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त आणि भरवशाचं आहे. युरियाचं दुहेरी अपवर्तन जोरदार असल्यामुळे बारीक सुयासुद्धा झगझगीत दिसतात, पण खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो कोमट पाण्यात विरघळवून गाळला नाही तर फोटोत तेलाचे गोळे येतात.

साखरेची निराशा होते. तिचा थेंब वाळताना चिकट काच होऊन बसतो, स्फटिक यायला दिवसही लागतात. त्याऐवजी थंडीत साखरलेला मध घ्या. त्यात ग्लुकोजचे स्फटिक आधीच तयार असतात. टाचणीच्या टोकाएवढा मध काचपट्टीवर दाबला की काळोखात शेकडो सुया लखलखतात.

ओव्याच्या फुलाची पूर्ण कृती सांगाल का?

स्वच्छ काचपट्टीवर तांदळाच्या दाण्याहून लहान खडा ठेवा, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची अगदी पातळ काच, ठेवा. काचपट्टी गरम चहाच्या पेल्यावर आडवी ठेवली तरी खडा वितळतो आणि काचेखाली आपोआप पसरतो. आच लागत नाही, म्हणून मुलांबरोबर करायला हा प्रयोग चांगला. मात्र हा पदार्थ कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. बोट लावू नका आणि खिडकी उघडी ठेवा.

आता काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. काळोख दिसेल. थायमॉल गार झालं तरी लगेच गोठत नाही, वितळणबिंदूच्या बरंच खाली येऊनही ते द्रव राहतं. इथे घाई करू नका, आधी फोकस जुळवून घ्या. त्यासाठी कव्हरस्लिपची कड किंवा एखादा धुळीचा कण पकडा. कॅमेरा सुरू करा. मग सुईच्या टोकावर थायमॉलचा कोरडा कण घेऊन कव्हरस्लिपच्या कडेला द्रवाला टेकवा. दह्याला विरजण लावतात तसंच हे. त्या बिंदूपासून स्फटिक निघतात आणि काही सेकंदांत किंवा काही मिनिटांत सगळं क्षेत्र व्यापतात. वेग पाहिजे असेल तर काचपट्टी पूर्ण गार होऊ द्या. सावकाश, सरळ कडांची पाती हवी असतील तर कोमट असतानाच कण टेकवा.

मी नेहमी वाढीची आघाडी, म्हणजे स्फटिकाची पुढे सरकणारी कड, चौकटीच्या दोन तृतीयांशापर्यंत आल्यावर फोटो घेतो. पुढचा काळा द्रव फोटोत राहिला पाहिजे. तो नसला तर बघणाऱ्याला स्फटिक कुठे चालला आहे ते कळत नाही.

महागडा पोलरायझिंग सूक्ष्मदर्शक लागतो का?

नाही. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तो साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. ४ पट आणि १० पट ही दोन ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे काचपट्टीकडची भिंगं, असली की झालं. काचपट्टी ठेवायचं टेबल गोल फिरणारं असलं तर सोयीचं असतं, पण त्यावाचून अडत नाही. दिवा एलईडी असावा. जुना हॅलोजन दिवा काचपट्टी तापवतो, मग थायमॉल गोठायचं नाव घेत नाही आणि पाण्याचा थेंब मात्र भराभर आटतो.

पोलरायझर कुठून आणायचे आणि कसे बसवायचे?

पोलरायझिंग फिल्मचा लहान तुकडा शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात मिळतो. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या किंवा मॉनिटरच्या एलसीडी पडद्यावरची फिल्म सोलून काढली तरी चालते, फक्त तिचा डिंक स्पिरिटने नीट पुसावा लागतो. एक तुकडा दिव्यावर ठेवा. दुसरा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, काढून नळीत ठेवा, किंवा आयपीस आणि मोबाइल यांच्यामध्ये धरा. वरचा तुकडा फिरवत फिरवत क्षेत्र सगळ्यात काळं होईल तिथे थांबा.

कॅमेऱ्याचा सर्क्युलर पोलरायझर वापरत असाल तर एक गोष्ट सांभाळा. त्याच्या पुढच्या बाजूला साधा पोलरायझर असतो आणि कॅमेऱ्याकडच्या बाजूला आणखी एक पदर. वर बसवताना तो नेहमीसारखाच बसवा. खाली, दिव्यावर ठेवताना मात्र उलटा, म्हणजे पुढची बाजू काचपट्टीकडे करून ठेवावा लागतो. नाहीतर कितीही फिरवला तरी काळोख होत नाही.

या फिल्मचा जन्मच सूक्ष्मदर्शकाखालच्या स्फटिकांतून झाला, हे मला फार आवडतं. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम बर्ड हेरापथ यांच्या विद्यार्थ्याला क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन पडल्यावर हिरवट स्फटिक दिसले. हेरापथ यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन स्फटिक जिथे काटकोनात एकमेकांवर आले होते तिथे प्रकाश पूर्ण अडत होता. पुढे अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी असे असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने रांगेत बसवून पोलरायझिंग फिल्म केली आणि १९२९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या फिल्ममध्ये ते स्फटिक नसतात, ताणलेल्या प्लास्टिकमध्ये आयोडीन असतं.

काळोख पूर्ण होत नाही, करडं दिसतं.

बहुधा मधे प्लास्टिक आहे. प्लास्टिकची काचपट्टी, प्लास्टिकची कव्हरस्लिप किंवा डबीचं झाकण स्वतःच रंग दाखवतं. काच वापरा. तेही नसेल तर मोबाइल आपोआप प्रकाश वाढवतो आहे का ते बघा.

मोबाइलने चांगले फोटो येतात का?

येतात, पण मोबाइलला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही. काळी चौकट दिसली की तो उजेड वाढवतो, आणि पहिला स्फटिक येतो तोच पांढरा फटक होऊन. प्रो मोड असेल तर आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने ठरवा. नसेल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा. पण हे कुलूप काळ्या क्षेत्रावर लावू नका. आधी एखादी वाढून झालेली काचपट्टी ठेवा, तिच्या सगळ्यात उजळ भागावर प्रकाश ठरवा आणि मग नवीन थेंब घ्या. ही सवय लागेपर्यंत माझे निम्मे फोटो वाया जात होते.

मोबाइल हाताने धरू नका. आयपीसवर बसणारा धारक स्वस्तात मिळतो. कॅमेऱ्याचं बटण इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने दाबलं तर हादरा बसत नाही.

फोटोत आडवे पट्टे का येतात?

दिवा लुकलुकतो म्हणून. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. तरीही पट्टे राहिले तर दिवा पॉवर बँकेवर चालवून बघा.

पाण्याच्या थेंबात वाढ नेमकी कधी सुरू होईल ते कसं ओळखायचं?

नेमकं सांगता येत नाही, पण कुठे सुरू होईल ते सांगता येतं. थेंब कडेला सगळ्यात पातळ असतो, तिथलं पाणी आधी उडतं, म्हणून द्राव तिथे आधी दाट होतो. पहिला स्फटिक बहुतेक वेळा कडेलाच येतो. कॅमेरा थेंबाच्या मध्यावर लावून बसू नका. कडेची साधारण चतुर्थांश चौकट घ्या, बाकी जागा वाढीसाठी मोकळी ठेवा.

लिंबूसत्वाचा द्राव असा करतो : एक चमचा पूड, एक चमचा गरम पाणी, आणि नीट पसरण्यासाठी दोन-तीन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल असताना जवळ आच नको. रक्त तपासताना थेंब दुसऱ्या काचपट्टीच्या कडेने ओढून पसरतात, तसा लहानसा थेंब ओढून पातळ थर करायचा. जाड थेंबात रंग एकावर एक चढून पांढुरके होतात. अर्धा तास गेला आणि काहीच आलं नाही, थर नुसता पाकासारखा चिकट झाला, तर सुईने काच हलकेच खरवडा किंवा कोरड्या पुडीचा कण टाका. दाट झालेला द्राव निमित्ताचीच वाट बघत असतो.

द्राव खूप दाट झाल्यावर वाढ सुरू झाली तर ती भरधाव होते आणि फांद्या फुटतात. थोडा दाट असताना सुरू झाली तर सपाट, नेटक्या बाजूंचे स्फटिक येतात. आपल्याला कोणतं चित्र हवं ते त्या कणाच्या वेळेवर ठरतं.

व्हिडिओ घ्यावा की ठरावीक अंतराने फोटो?

थायमॉलसारख्या वितळवलेल्या पदार्थाला व्हिडिओ, आटणाऱ्या थेंबाला अंतराने फोटो. हिशोब सोपा आहे. २५ मिनिटांची वाढ दर ३ सेकंदांनी टिपली तर ५०० फोटो होतात. सेकंदाला २५ या वेगाने ते चालवले की २० सेकंदांची फीत मिळते. छापण्यासाठी फोटो हवा असेल तर व्हिडिओतून चौकट काढू नका, वेगळा फोटो घ्या.

४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह वापरू का?

उघड्या थेंबावर अजिबात नाही. त्याचं टोक काचपट्टीपासून एक मिलिमीटरसुद्धा लांब नसतं. ते द्रावात बुडतं, आणि आम्ल किंवा क्षार भिंगावर वाळले की भिंग गेलं. शिवाय पट वाढली की फोकसची खोली कमी होते आणि स्फटिकाचा एक थर सोडून बाकी सगळं धूसर दिसतं. माझे बहुतेक आवडते फोटो ४ पटीवरचे आहेत.

गोल स्फटिकांवर काळी फुली दिसते, ती काय?

त्या चकतीत बारीक सुया केंद्रापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळीकडे गेलेल्या असतात. ज्या सुया खालच्या किंवा वरच्या पोलरायझरच्या दिशेत येतात त्या काळ्या राहतात, म्हणून फुली. काचपट्टी फिरवली तरी फुली जागची हलत नाही. दोन्ही पोलरायझर एकत्र फिरवले तर फुली फिरते. मुलांना हे करून दाखवा, त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं असतं.

माझे स्फटिक नुसते राखाडी-पांढरे आहेत. रंग कसे आणायचे?

थर फार पातळ आहे. एकतर थोडा जाड थर घ्या, नाहीतर पारदर्शक चिकटपट्टीचे एक-दोन थर कोऱ्या काचपट्टीवर लावून ती दोन पोलरायझरच्या मधे तिरकी ठेवा. चिकटपट्टीही प्रकाशाचे दोन भाग करते आणि स्फटिकाच्या रंगात आपली भर घालते. पार्श्वभूमी काळी न राहता निळी, जांभळी किंवा पिवळी होते. मला काळी पार्श्वभूमीच जास्त आवडते, कारण तिच्यावर वाढीची आघाडी स्वच्छ उठून दिसते. पण ही आवडीची गोष्ट आहे.

पावसाळ्यात थेंब वाळतच नाही.

कोकणात जुलैमध्ये लिंबूसत्वाचा थेंब रात्रभर तसाच राहू शकतो, आणि वाळलेला थरही हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओला होतो. त्या चार महिन्यांत वितळवण्याचे पदार्थ घ्या, कव्हरस्लिपखाली त्यांना दमट हवेचा त्रास होत नाही. थेंबच वाळवायचा असेल तर काचपट्टी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा आणि आघाडी दिसू लागल्यावर बाहेर काढा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा या कामाला सर्वांत चांगली.

मोरचूद, गंधक, पॅरासिटामॉल असले पदार्थ घरी वापरावेत का?

मोरचुदाचे निळे स्फटिक मोहक आहेत, पण ते विषारी आहे. स्वयंपाकाचे चमचे, वाट्या त्याला लावायच्या नाहीत आणि लहान मुलांच्या हाती द्यायचं नाही. गंधक ११५ अंशांच्या पुढे वितळतं आणि जास्त तापलं तर पेट घेऊन घुसमटवणारा धूर सोडतं. बंद खोलीत ते नको. पॅरासिटामॉल सुमारे १७० अंशांना वितळतं, आणि गोळीत इतर पूडही मिसळलेली असते. सोरा पाण्यातच वापरा, तापवू नका. काचपट्टी कधीही थेट ज्योतीवर धरू नका, ती तडकते आणि तुकडे उडतात.

संगणकावर किती फेरफार चालतो?

उजेड, कातर, धूळ काढणं, इतकंच मी करतो. रंगछटा बदलली की जाडीचा हिशोब खोटा होतो. चिकटपट्टी वापरली असेल तर फोटोखाली तसं लिहितो. पदार्थ, तो वितळवला की विरघळवला, ऑब्जेक्टिव्ह किती पटीचं, आणि वाढीला किती वेळ लागला, हेही लिहितो. हे लिहिलेलं असलं की दुसऱ्याला तो फोटो करून बघता येतो.

सह्याद्रीच्या दगडात असे रंग दिसतात का?

दिसतात. बेसॉल्टचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून पातळ केला की त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या पट्टेदार काड्या आणि पायरॉक्सीन या खनिजाचे रंगीत दाणे दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना ते असेच वाढले होते. काप करायला मात्र भूशास्त्र विभागाची यंत्रं लागतात.

एकच काचपट्टी पुन्हा वापरता येते का?

लिंबूसत्वाची नाही. तिचे फोटो त्याच दिवशी घ्या. थायमॉलची मात्र येते. कव्हरस्लिपच्या तीन कडा नेलपॉलिशने बंद करायच्या, चौथी कण टेकवण्यासाठी मोकळी सोडायची आणि काचपट्टी झाकणाच्या डबीत ठेवायची. मोकळ्या कडेने पदार्थ हळूहळू उडून जातो, म्हणून अधूनमधून त्याच कडेला नवा खडा ठेवून वितळवायचा. पूर्ण वितळवा, एकही कण शिल्लक ठेवू नका. उरलेल्या कणापासून वाढ पुन्हा त्याच जागी सुरू होते आणि तेच चित्र परत येतं. माझ्याकडच्या एका काचपट्टीवर मला तसंच हवं असतं. तिच्या डाव्या कोपऱ्यात मी एक कण मुद्दाम न वितळवता ठेवतो, म्हणजे शाळेत दाखवताना आघाडी कुठून येणार हे मुलांना आधीच सांगता येतं.